एकाच चॅनेलचा स्कोप

पहिल्या चॅनेलवर नऊ भाग होते. पाच शाबूत होते. दोन रेझिस्टर काळे पडले होते, एक डायोड तडकला होता आणि आयसी चिपच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा होता. ममतानं भिंगातून पुन्हा मोजलं. आकडे तेच आले. दुसऱ्या चॅनेलवरचे नऊच्या नऊ भाग चांगले होते, पण पहिला बंद असला की दुसराही चालत नसे.

हा तिचा यूएसबी ऑसिलोस्कोप. लॅपटॉपला जोडला की विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारा, पत्त्यांच्या कॅटएवढा डबा; मोजायच्या दोन वाटा, म्हणजे दोन चॅनेल असलेला. परवा नेमसिंगकाकाचं झटका मशीन तपासताना तिनं घाईत स्कोपचा चिमटा थेट मशीनच्या तोंडाला लावला. तिथे आठ हजार व्होल्ट होते; पहिला चॅनेल जळला. चूक तिची होती, आणि ती तिनं वहीत लिहून ठेवली होती.

घाईला कारण होतं. त्याच दिवशी, गुरं तांड्याकडे परतताना, काकाच्या तुरीभोवतीच्या तारेला धरमसिंगचा बैल चिकटला आणि जागेवर मेला. झटका मशीन रानडुकराला हुसकावतं, मारत नाही. सेकंद-सव्वा सेकंदाला एकदा तारेतून टोचल्यासारखा धक्का देतं आणि थांबतं. तेवढ्यात जनावर मागे सरतं. महिन्यापूर्वी ममतानं या मशीनचा कपॅसिटर, वीज साठवून धक्का सोडणारा भाग, बदलला होता. तो चुकीचा बसला असेल तर धक्के एकावर एक येतील, जनावराला सुटायला वेळ मिळणार नाही.

काका तांड्यात सांगत होता, "मशीन छोरीनं सुधरवली. मी तं फक्त बटन दाबलं." बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं तिला परीक्षेला मोटरसायकलवर यवतमाळला नेणारा हाच काका होता. त्यामुळे तो खोटं बोलत असेल असं तिला वाटलं नाही. तिला स्वतःचाच संशय आला. उद्या सकाळी तांड्याच्या नायकाच्या दारात बैलाच्या निवाड्याला पंच बसणार होते. नवा स्कोप पुण्याहून यायला आठ दिवस लागत होते.

तिनं दुसऱ्या चॅनेलवरचे चार भाग उतरवायला घेतले.

धरमसिंग दुपारपासून दारातल्या खुर्चीवर बसून होता. चहा त्यानं घेतला नव्हता.

"एकाचं काढून दुसऱ्याले लावून राह्यली तू," तो म्हणाला.

"हो मामा. दोन्ही नाही चालले तरी चालते. एक पाहिजे."

"हे डबडं बोलते काय पन?"

"बोलत नाही. दाखवते."

"मंग पंचात साक्ष कशी देईन?"

"तुमी पाहा मी मोजताना. मंग तुमीच सांगा."

"म्हंजे माहा बैल मेला, अन् साक्षबी मीच देऊ," धरमसिंग म्हणाला. पण त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

चौथा भाग बसायला चार वाजले. तिनं आधी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून मोजला. दीड व्होल्टच्या सेलचे एक पूर्णांक एकोणपन्नास शतांश आले. स्कोप खरं बोलत होता. मग या वेळी तिनं मशीन आणि स्कोपच्या मध्ये रेझिस्टरची साखळी घातली, आठ हजाराचे आठ करणारी. मशीन चालू केलं. पडद्यावर एक उभी रेघ उठली, गेली. मग पुढची. तिनं वीस रेघा मोजल्या. दोन रेघांमध्ये सव्वा सेकंद जात होता. कपॅसिटर बरोबर होता.

ममता उठली. माठातलं पाणी प्यायली.

"म्हंजे मशीन बरी हाय," धरमसिंग म्हणाला.

"बरी हाय, मामा."

"मंग माहा बैल कायनं मेला?"

मशीन परवापासून तिच्या टेबलावर होतं. शेतात फक्त तार उरली होती. मोजायचं राहिलेलं तेवढंच होतं. शेतात जाता जाता तिनं धरमसिंगला सांगितलं, पंपाला येते त्या विजेच्या लाईनची लाट वेगळी असते. दर वीस मिलिसेकंदाला एक टोक, सेकंदात पन्नास. ती धरलेलं सोडत नाही.

ते शेतात पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. शेतीची लाईन पाचला आली होती, विहिरीवर पंप चालू होता. काका धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, होता. धरमसिंगला पाहून तो उठून उभा राहिला.

"मशीन तुह्या घरी हाय," तो ममताला म्हणाला. "तार मेलेली हाय. मेलेल्या तारेत काय मोजतं, छोरी?"

"शून्य येईन, काका. शून्यबी लिहा लागते."

तिनं जमिनीत लोखंडी सळई ठोकली, काळा चिमटा तिला लावला. लॅपटॉप धुऱ्यावर ठेवला. तारेवर गंज होता. तो खरवडल्याशिवाय लाल चिमटा नीट बसला नसता. तिनं ब्लेड उघडलं आणि तार धरायला डावा हात पुढे केला.

"हात नको लावू," काका म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नव्हता. तरी ममताचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला. धरमसिंगनं काकाकडे पाहिलं. काका तुरीकडे पाहत होता.

तिनं हात मागे घेतला. पिशवीतून रबरी हातमोजे काढले, दोन्ही हातांत घातले. गंज खरवडला. लाल चिमट्यानं रेझिस्टरच्या साखळीचं टोक तारेला अडकवलं. पडद्यावरची लाट स्थिर व्हायला थोडा वेळ लागला. धरमसिंग तिच्या खांद्यामागे वाकून उभा होता. तिनं दोनदा मोजलं.

दोन टोकांमधलं अंतर वीस मिलिसेकंद. दोनशे चौदा व्होल्ट.