तेवढाच लांब

प्रयोगशाळेत डीएनएचे आखूड तुकडे संगणकावर गाळून टाकायचं काम तिच्याकडे होतं. नवं यंत्र तपासायला या वेळी तिने स्वतःचंच रक्त दिलं होतं.

आखूड तुकडे गेले. एक मात्र किमान लांबीच्या मर्यादेइतकाच असल्याने उरला. तिने मर्यादा वाढवली. पुन्हा तोच उरला, नव्या मर्यादेइतका लांब होऊन.

"प्रोग्रॅम गंडलाय बहुतेक," ती म्हणाली.

शेजारच्या मॅडमनी वाकून पाहिलं. "अगं, हा तर वाय गुणसूत्राचा तुकडा, पुरुषाचा. तुझा नाहीच. बाळाचा असेल. मुलांच्या काही पेशी आईच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात. किती मुलं तुला?"

"एक होणार होतं. पोटातच गेलं."

मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या बाहेर गेल्या.

तिने आणखी मर्यादा वाढवली. उंची मोजताना पोर टाचा उंचावतं, तसा तो पुन्हा तेवढाच वाढला.

"पुरे रे राजा, दमशील," ती पुटपुटली आणि तिने मर्यादाच काढून टाकली.

गाळलेले सगळे तुकडे परत आले. तो मात्र कुठेच नव्हता.

ती वेड्यासारखी शोधत असताना टेबलाखालून कुणीतरी तिचा कोट हळूच ओढला. खाली न बघता तिने एक बोट पुढे केलं.

एका उबदार, चिमुकल्या मुठीने ते घट्ट धरलं.