अर्धा इंच

नवरा बस चालवायचा. त्याचे कामाचे शर्ट तीच शिवायची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गळ्याचं माप अर्धा इंच जास्त भरलं, तेव्हा ती हसली होती. “माझ्या हातचं अंगी लागतंय म्हणायचं,” म्हणत तिने कॉलर मोठी बेतली. चार महिन्यांनी त्याच गळ्यात लिम्फोमाची गाठ निघाली. ते चार महिने तिच्या मनातून गेलेच नाहीत. सहा केमो झाल्या, केस गेले, परत आले, रिपोर्टही चांगला आला. आज नव्या शर्टासाठी तो आरशासमोर ताठ उभा राहिला. छाती, कंबर गेल्या महिन्याइतकीच होती. गळा मात्र पंधराचा साडेपंधरा भरला. टेप तिने पुन्हा लावली. साडेपंधराच. “काय गं, लागतंय ना तुझ्या हातचं अंगी?” त्याने आरशातून विचारलं. “लागतंय की,” ती म्हणाली. मग डॉक्टरांना फोन लावला आणि कॉलर पंधराचीच बेतली.