हातमोज्याशी लग्न

पहिल्या महायुद्धात हॉलंड कुणाच्याच बाजूने नाही, तेव्हा डच जहाजावरच्या टपालाला जगातली कुठलीही सत्ता हात लावू शकत नाही, असं फेम्केच्या वडिलांनी जेवताना जाहीर केलं. त्याच आठवड्यात इंग्रजांनी सुमात्राहून येणारं डच जहाज अडवलं आणि टपालाच्या सगळ्या थैल्या वाचायला लंडनला नेल्या.

नशीब, फेम्केचा होणारा नवरा लॉरेन्स याचं लग्नाचं संमतिपत्र आणि हातमोजा आधीच्याच जहाजाने आले होते. नवरा सुमात्रात नोकरीत अडकलेला, म्हणून डच रिवाजाप्रमाणे तो हातमोजा चढवून त्याच्या वतीने त्याचा धाकटा भाऊ दिर्क फेम्केशेजारी उभा राहिला.

"वहिनी, मोजा घट्ट होतोय. दादा वाळलाय वाटतं तिकडे!"

"गप्प उभे राहा, भाऊजी. मी जातेच आहे ना खाऊ घालायला."

सह्या झाल्या, लग्न कायद्याने पक्कं झालं. बोटीचं तिकीट निघालं, पेट्या भरून झाल्या. तेव्हा कुठे लंडनहून सुटलेलं लॉरेन्सचं पत्र हाती आलं. "फेम्के, माझं मन फिरलंय. तो हातमोजा कुणाला घालू देऊ नकोस."



पाकिटावर इंग्रजांचा शिक्का होता : तपासलं, आक्षेपार्ह काही नाही.