ताम्हिणीतला होकार

"अरे, आज तू मान का डोलावत नाहीयेस?" मागच्या सीटवरून बायकोनं विचारलं आणि भर ताम्हिणी घाटात मला ते चक्क ऐकू आलं! कालच मोटरसायकलची झिजलेली चेन-स्प्रॉकेट बदलली होती. खडखडाट गेला, हिसके थांबले, गाडी नुसती तरंगत होती.

"मी कधी डोलावली मान?"

"नेहमीच! पडदे, मांजर, मावशीचा पंधरा दिवस मुक्काम... मी विचारलं की डोलावतोसच."

"अगं, मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. चेन हिसका द्यायची, म्हणून मान हलायची!"

तिनं मागून माझा खांदा धरला. मग हळूच, "म्हणजे गेल्या वर्षी इथेच विचारलं, बँकेतली नोकरी सोडून कुंभारकाम करू का, तेही ऐकलं नव्हतंस?"

एवढा मोठा निर्णय हिनं मला न विचारता घेतला, म्हणून मी वर्षभर धुसफुसत होतो. विचारलं होतं तर!

"आत्ता विचार," मी म्हणालो.

"करू?"

रस्ता गुळगुळीत होता, चेन मुकाट होती. मी इतक्या जोरात मान डोलावली, की माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटलं.