शिंपिणीचा मारिद

शिशाचं एक बूच. त्यावर दातांच्या खुणा.

सहा झबली. एकाला बाह्या लावायच्या राहिल्यात.

धक्क्यावरच्या खिडकीत तिकीटवाला शिंकतो आणि म्हणतो, "पुढे."

पहाटे एक तारा निखळला. मागोमाग छताच्या झरोक्यातून जळक्या केसांचा वास खाली आला.

शिंपीण अंथरुणात उठून बसली. "आलास का, मेल्या?"

"आलो, बाई."

मारिद म्हणजे जिन्नांमधला बंडखोर. कुणापुढे वाकायचं नाही, कुणाचं सरळ ऐकायचं नाही, ही त्या जातीची खोड. आभाळाच्या दाराला कान लावून हे उद्याच्या गोष्टी चोरतात, आणि राखणदार फरिश्ते त्यांना जळते तारे फेकून मारतात. चोरलेली बातमी एकदाच सांगता येते. दुसऱ्यांदा बोलू गेलं की शब्दांचा धूर होतो.

हा मारिद शिंपिणीला आईकडून मिळाला होता, औषधाच्या बाटलीत. बूच त्याने केव्हाच चावून काढलं, पण बाटली ज्या घरात, त्या घराला तो बांधलेलाच. मरताना आईने एवढंच सांगितलं होतं, "हा सांगेल त्याच्या उलट कर. कल्याण होईल."

झालंही होतं. तो जितकी जास्त गळ घालायचा, तितकी ती हट्टाने उलट वागायची. तो म्हणाला, जरीचा गठ्ठा घे. तिने घेतला नाही, आणि ज्याने घेतला त्याची जर पहिल्याच धुण्यात काळी पडली. तो म्हणाला, मास्तर नको, घड्याळवाल्याशी लग्न कर. तिने मास्तरांशी संसार केला. घड्याळवाला पुढे दोन बायकांना टांग देऊन पळाला.

मास्तर गेल्यापासून घरात ही दोघंच. ती कपडे शिवायची, तो इस्त्रीजवळ बसून धग चाटायचा. ती बाहेर निघाली की दाराची कडी तापवून ठेवायचा. जित्या माणसाला हात लावायची त्याला मनाई होती, मग कडीवर राग. एकटं राहणं त्याच्या जिवावर यायचं.

आज त्याचा डावा हात कोपरापर्यंत कोळसा झाला होता.

"अरे देवा! इतका कसा भाजलास?"

"दाराच्या फार जवळ गेलो. तुझं नाव ऐकू आलं."

काल रात्री जावयाचा फोन आला होता. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, डॉक्टर अवघड म्हणत होते. "आई, उद्या याच. ती सारखी तुमचं नाव घेतेय." खाडीपलीकडे जायला दोनच बोटी, एक सकाळची, एक दुपारची.

"काय ऐकलंस?"

"आज एक बोट बुडणार."

"कुठली?"

त्याने आधी तिच्याकडे, मग दाराकडे पाहिलं.

"सकाळची. तिच्यात पाय ठेवू नकोस. दुपारची धर."

म्हणजे सकाळचीच धरायची. तिने सवयीने पिशवी उचलली, झबली आत कोंबली. पण आज तो हसला नाही, टोमणा मारला नाही. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ जमिनीला टेकवलं.

"पाया पडतो, बाई. तुझ्या लेकीची शपथ."

शिंपीण जागीच थिजली. जो कधी कुणापुढे वाकला नाही, तो शिलाईच्या चिंध्यांत डोकं ठेवून पडला होता. जळक्या हाताची राख फरशीवर सांडत होती. कुणासाठी भाजून घेतलं यानं? आपल्याचसाठी ना?

तिने पिशवी खाली ठेवली.

"जन्मभर तुला खोटारडा म्हटलं रे. आज तुझं ऐकते."

त्याने झटकन मान वर केली. तोंड उघडलं. नुसता धूर आला. पुन्हा उघडलं. पुन्हा धूर. मग तो फरशीवर कपाळ आपटत सुटला.

"पुरे, वेड्या," तिने पदराने स्वतःचेच डोळे पुसले. "एवढं कशाला रडायचं?"

मग तिने धक्क्यावर फोन लावला. "सकाळची बोट सोडू नका हो. बुडणार आहे."

"कोण म्हणतं, मावशी?"

"ऐकलंय मी. सोडू नका."

"बोट बुडणार म्हणणारे रोज एक-दोन असतात," तिकीटवाला म्हणाला. "बुडते फक्त आमची झोप." तो शिंकला. "पुढे."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने सकाळच्या बोटीचा भोंगा वाजला. तिने कान गच्च दाबून धरले.

मग मुलीचा फोन. "निघालीस का गं, आई?"

"दुपारच्या बोटीने येते, बाळा. कळ काढ."

"लवकर ये ना."

दिवस चढेपर्यंत तिने राहिलेल्या बाह्या लावल्या. निघायची वेळ झाली तेव्हा कडी तापून लाल झाली होती, भोवतीचं लाकूड करपत होतं. इतकी कधी तापली नव्हती.

"परवा येते रे. नातवाच्या गमती सांगेन तुला."

इस्त्रीचं फडकं दुहेरी करून तिने कडी ओढली. मागे शिलाईचं मशीन आपोआप धडधडलं, सुई मोडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

धक्क्यावर लोक शेंगा सोलत होते, हसत होते. बातमी अजून आलेली दिसत नाही, तिच्या मनात आलं. बिचारे. कुणाला काही विचारायचा तिला धीर झाला नाही. मान खाली घालून तिने तिकीट घेतलं आणि खिडकीजवळची जागा धरली.

दोर सुटला. बोट हलली. दूर घरांच्या रांगेत एका झरोक्यातून धूर निघत होता, काठीसारखा सरळ. शिंपिणीने पिशवी छातीशी धरली आणि त्या धुराकडे बघत हात जोडले.

सकाळची बोट वेळेवर पलीकडे लागली होती.