पुडीचं पिंप

सकाळभर पूड उपसली, तरी जेवणाच्या सुट्टीनंतर पिंप पुन्हा काठोकाठ भरलेलं असायचं. प्रेसवर लोखंडाच्या पुडीचे गिअर दाबून काढणारी बाई आठवडाभर हे बघत होती. तिचा संशय एकाच माणसावर होता. कारखान्यातल्या पुडीच्या कोठीची किल्ली तिच्या दिराकडे असायची.

"भावजी, कुठली टाकाऊ पूड माझ्या पिंपात खपवताय? भट्टीत गिअर तडकले, तर बोलणी मला बसतील."

"मी कशाला खपवू? मला तर वाटतंय वहिनी, तुम्हीच कमी गिअर काढून जास्तीचे सांगताय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारी पिंप अर्धं रिकामं असतानाच तिने झाकणाला कुलूप घातलं, आणि दोघं एकमेकांवर डोळा ठेवून पिंपाशेजारीच जेवायला बसले.

भोंगा झाल्यावर तिने कुलूप काढलं. पूड काठाला आली होती.

"तळाशी काहीतरी लपवलंय तुम्ही," असं म्हणत तिने लांब सळई आत खुपसली. पिंप तिच्या कमरेएवढं होतं आणि सळई तिच्या डोक्याइतकी उंच. ती मुठीपर्यंत आत गेली, तरी तळ लागला नाही.

दिराचा चेहरा उतरला. "तशीच धरून ठेवा. मी बाहेरून तळाशी ठोकून बघतो."

लगेच सळईतून तिच्या तळहाताला तीन ठोके जाणवले.

"पुरे, कळलं," ती म्हणाली.

दीर अजून वाकलाही नव्हता.

"वहिनी, मी अजून ठोकलंय कुठे?"