शनिवारच्या कागदावरचा अंगठा

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. भर वर्गात मिठागराचा मुकादम शिरलाय. टेबलावरून शाळेचा एक कागद उचलून तो तुमच्या गुरुजींच्या नाकापुढे नाचवतोय, आणि तो कागद नेमका तुमच्या घरून आलेला आहे. तुम्ही काय केलं असतं?

मोरव्याच्या शाळेतल्या सातवीच्या शालनने दोन्ही हातांच्या मुठी घट्ट मिटल्या आणि ती मुकादमाच्या डोळ्यांत बघत उभी राहिली.

कागद शनिवारचा होता. ही पद्धत शिवदास गुरुजींनीच पाडलेली. दर शनिवारी ते कार्बन लावून आठवड्याची खबर लिहीत आणि घरोघरी पाठवत. बुधवारी देवी टोचणारे येतील, पोरांना घरी लपवू नये. उवा बघाव्यात. धाकूच्या बकरीने फळा पुसायचं फडकं खाल्लं, सबब धाकूने नवं आणावं. गावातल्या बहुतेक आईबापांना वाचता येत नसे. म्हणून पोरांनी घरी मोठ्याने वाचायचं, बापाने खाली अंगठा उठवायचा, सोमवारी कागद परत.

अकरा वर्षं ते कागद गोळा करता करता गुरुजींना अंगठे ओळखू यायला लागले होते. भात लावणाऱ्याच्या अंगठ्याला चिरा, पण रेघा शाबूत. मिठागरात राबणाऱ्याचा मात्र नुसता काळा ठिपका. खारं पाणी आणि मिठाचे खडे रेघा खाऊन टाकतात. "त्यांना माझी अक्षरं वाचता येत नाहीत, पण मला त्यांचे अंगठे वाचता येतात," असं गुरुजी पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

या शनिवारच्या कागदात शेवटचं कलम असं होतं: सातवीची परीक्षा ठाण्याला आहे. ज्यांना मुलगा किंवा मुलगी पाठवायची असेल त्यांनीच अंगठा उठवावा.

शालनचा बाप धर्माजी रविवारी विहिरीपाशी भेटला तेव्हा नाहीच म्हणाला होता. बायको, आनंदी, दिवाळीपासून वसईला माहेरी अंथरुणाला खिळलेली. घरात दोघंच. पोर ठाण्याला गेली तर कसं व्हायचं? गुरुजी हिरमुसले. शालन अख्ख्या शाळेत हुशार. हल्ली पहिल्या तासाला पेंगायची, पण रात्री दिव्यापाशी अभ्यास करत असेल, असं समजून ते बोलत नसत. परकराच्या काठाला पांढरी खार लागलेली असायची. खाडीच्या बांधावरून येऊ नकोस, असं मात्र त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं.

आणि सोमवारी शालनच्या कागदावर अंगठा होता. गुरुजींनी तो उजेडात धरला. काळा ठिपका, एक रेघ नाही. बापाचं मन वळलं म्हणून ते दिवसभर खुशीत होते.

आज राघो मुकादम आला होता. मागे मान खाली घालून धर्माजी.

मुकादमाचं म्हणणं सरळ होतं. आनंदी गेल्यापासून धर्माजी एकटा दोघांचं मीठ ओढतोय. ढीग काही कमी पडत नाही, पण पोरगी आली तर तिघांचं होईल. तेरा वर्षांची घोडी शाळेत बसवून काय करायची? ठाण्याला जाऊन कलेक्टर होणार आहे का? मीठ काय मग कलेक्टर ओढणार?

पोरं हसली. शालन हसली नाही.

"मी परीक्षेला जाणार," ती म्हणाली.

"बाप न्हाय म्हणतोय तुजा," मुकादम म्हणाला. "विचारा त्याला, गुरुजी. यानं अंगठा दिलाच न्हाय. पोरीनं सोताच उठवलाय. खोटा कागद हाय."

गुरुजींचा आवाज कधी चढत नसे. आजही चढला नाही. त्यांनी पहिल्या रांगेतल्या सदूला पुढे बोलावलं, त्याचा अंगठा शाईत बुडवला आणि पाटीवर कागद ठेवून उठवला. नांगरलेल्या वावरासारख्या रेघा उमटल्या.

"हा पोराचा अंगठा," ते म्हणाले. "आता शालनच्या कागदावरचा बघा. हा मिठागरातला अंगठा आहे, मुकादम. तुमच्या हजेरीच्या वहीत असले शंभर असतील. तिथे खरा, तर इथे खोटा कसा?"

मुकादमाने कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "मग पोरीचा बी घ्या. बघूच."

गुरुजींनी हसत शाईची डबी उचलली. एवढ्यात धर्माजीने वर बघितलं. शालन तशीच उभी होती, अंगठे मुठींत दडवून. धर्माजी त्या मुठींकडे बघत राहिला. मग त्याने डोक्याचा फडका काढून तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माजाच हाय."

"धर्मा, आत्ता तर वाटंत न्हाय म्हनलास."

"आता हाय म्हनतो. पोर ठान्याला जाईल. आन तुजा ढीग कमी पडला तर पडंल."

मुकादम पाय आपटत गेला. धर्माजीही त्याच्यामागे गेला, लेकीकडे न बघता.

गुरुजींनी येत्या शनिवारच्या खबरीत पहिलं कलम तिथल्या तिथे लिहून टाकलं: शालन धर्माजी परीक्षेला बसत आहे. मग परीक्षेचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. डबी अजून उघडीच होती. ते गमतीने म्हणाले, "मुकादमाची हौस राहून गेली बघ. दे तुझा अंगठा त्या सदूच्या शेजारी. वर्गाला दोन नमुने दाखवू."

शालनने मूठ उघडली, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

सदूच्या रेघांशेजारी एक छोटा काळा ठिपका उमटला. त्यात एकही रेघ नव्हती.

गुरुजी काही बोलायच्या आत तिने अंगठा परकराला पुसला, त्यांच्या हातातला टाक घेतला आणि फॉर्मवर आपलं पूर्ण नाव लिहिलं.